खो दिल्यावर बसायचं असतं

उकिडवं बसण्यात माझा हात धरणारं मराठवाड्यात कुणी नव्हतं. उदगीरच्या शाळेत होते तेव्हा खोखोच्या पाटीवर मी इतकी स्थिर बसायचे, की एकदा एका चिमणीनं माझ्या वेणीत घरट्याच्या काड्या मांडायला सुरुवात केली. आमचे हे म्हणतात, चिमणी नसेल, वाऱ्यानं काडी उडाली असेल. ते तिथं नव्हते. मी होते, आणि चिमणी होती.

खुबा बदलला म्हटलं की लोक विचारतात, "आता चालता येतं का?" येतं की. चालण्याची मला कधी काळजीच नव्हती. माझा प्रश्न बसण्याचा होता. ज्यांनी खोखो शाळेतच सोडून दिला त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या मधोमध एक लांब पाटी असते, दोन टोकांना दोन खांब. पाटीवर आठ जणी आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी उभी असते, ती पळणाऱ्या गड्याच्या मागं लागते. तिनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हटलं, की बसलेली उठून पळते आणि थाप मारणारी तिच्या चौकोनात बसते. म्हणजे खोखो हा अर्धा पळण्याचा आणि अर्धा बसण्याचा खेळ. अर्धा कसला, पाऊण बसण्याचाच.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी असं माणूस शोधत होते, जे हे सगळं भोगून आलंय आणि खरं बोलेल. सापडलं नाही. जे भेटले ते एक तर "काही कळत नाही, झोपेतच होतं" म्हणणारे, नाही तर कुणाच्या तरी आत्याचं वाकडं झालेलं सांगणारे. म्हणून मीच लिहून काढलं. खरंच लिहिते आहे. जिथं वाढवून सांगेन तिथं तुम्हाला कळेलच.

प्रांजलीची नक्कल

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. जांघेत दुखायला लागलं तेव्हा वाटलं, शीर धरली. मग खेळाडू जे करतात ते सगळं केलं, म्हणजे डॉक्टर सोडून सगळं. शेक, पट्टा, लेप. तेल तर इतकं चोळलं की तेवढ्यात एका लग्नाची भजी तळून निघाली असती. माहूरला जाऊन देवीच्या कानावरही घालून आले. वर जाताना एकदाही थांबले नाही. खाली मात्र लहान लेकरं उतरतात तशी पायरीवर बसत बसत उतरले. घरी सांगितलं, "गर्दी लई होती."

कळलं ते प्रांजलीमुळं. आमच्या शाळेच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी, आणि सगळ्यात आगाऊ. एक दिवस मी मैदानावर आले तर ही पोरींसमोर चालून दाखवत होती. डावा खांदा खाली, कंबर बाहेर, पाऊल टाकताना तोंडात लिंबू पिळल्यासारखं. पोरी लोळून हसत होत्या. मला बघून सगळ्यांचं हसू पळालं.

"कोण हे?" मी विचारलं.

"कुणी न्हाई मॅडम."

"पुन्हा चाल."

"चुकलं मॅडम."

"अगं चाल म्हणते ना! मला बघायचंय."

तिला मी मैदानाला पूर्ण वळसा घालायला लावला. पुढून बघितलं, मागून बघितलं. राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला भलतंच नवल वाटलं. मी अशी चालते? कधीपासून? आरशात माणूस उभा दिसतो, चालताना कुठं दिसतो? तुमची कुणी नक्कल करत असेल तर त्याला मारू नका. त्याला नीट बघा, आणि मग डॉक्टरकडं जा.

डॉक्टरांनी फोटो काढला, मग मोठ्या मशीनमधला काढला. खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचणं बंद झालं होतं. गोळा आतल्या आत मरत चालला होता आणि एका बाजूनं बसायला लागला होता. आमचे हे पडद्याजवळ गेले. ते मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या आडतीवर असतात, हळकुंड मोडून आतला रंग बघण्यात त्यांचा जन्म गेला. फोटोकडं बघत म्हणाले, "वरून टणक, आतून पोचट. असा माल येतो आमच्याकडं."

"मग काय करता त्याचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाजूला काढतो."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "हाही बाजूलाच काढायचा आहे."

बाहेर आल्यावर ह्यांनी स्कूटर सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. मग म्हणाले, "तुझं वय काय, आणि हे काय!" आणि घरी येईपर्यंत माझ्यावरच चिडून राहिले. भीती वाटली की हा माणूस चिडतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा एवढं तर मला कळतं. तरी त्या दिवशी कळून घ्यायचा मला कंटाळा आला होता.

लातूर, आणि एकच प्रश्न

ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं, कारण तिथं शाहीन आहे. शाहीन आणि मी उदगीरच्या शाळेपासून एका पाटीवर बसलेल्या. माझ्या पाठीवर तिच्या हाताचे जेवढे खो पडलेत तेवढ्या थापा कुठल्या तबल्यावर पडल्या नसतील. आता तिचं गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान आहे. नांदेडहून गाडीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या खुब्याला नावानिशी ओळखत होता.

दवाखान्यात शाहीन आमच्या आधी हजर. माझं तोंड बघून म्हणाली, "कायकू घाबरून राहिली गं? डाक्टर हाय, कसाई न्हाई."

"घाबरले नाही. विचार करून राहिले."

"तेच म्हणते मी. तू विचार करून राहिली म्हंजे घाबरली."

मोठे डॉक्टर आले. लोकांनी त्यांना खर्च विचारला असेल, जिवाला धोका विचारला असेल. मी विचारलं, "उकिडवं बसता येईल का?"

"नाही."

"मांडी घालून?"

"तेही टाळायचं."

"मग नवा खुबा कशासाठी?"

ते हसले. "चालायला. न दुखता झोपायला. जिना चढायला. चालत पाहिजे तेवढं फिरा. पळणं नको, उडी नको, आणि खाली बसणं तर नकोच."

"का पण?"

का विचारलं की डॉक्टर लोक घड्याळ बघतात, असं मला वाटत होतं. या डॉक्टरांनी नाही बघितलं. डाव्या हाताची वाटी केली, तिच्यात उजव्या हाताची मूठ ठेवली. मूठ वाकवत गेले, वाकवत गेले, आणि एका जागी ती वाटीच्या मागच्या कडेवरून टुणकन बाहेर पडली. "असा निसटतो. आणि निसटला की पुन्हा माझ्याकडं."

"नेमकं किती वाकल्यावर निसटतो?"

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "ते शोधून काढायचं नाही."

तेवढं एकच वाक्य त्यांनी न हसता म्हटलं.

आतला सुतार

कमरेत सुई देतात, खालचं सगळं बधिर होतं. मध्ये एक हिरवा पडदा, वर तुम्ही, खाली ते. झोपेचंही औषध देत होते. मी म्हटलं, "थोडंच द्या, मला ऐकायचंय." भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, असं म्हणणारं पेशंट पहिल्यांदाच आलं. सगळ्यांनाच असं म्हणत असतील, पण मला बरं वाटलं.

तर ऐका. आधी करवत. मग किसणी फिरल्यासारखा आवाज. मग हातोडा. हातोडा म्हणजे हातोडाच, उगाच दुसरा शब्द कशाला? दुखत नाही अजिबात, पण टेबल हलतं, तुम्ही हलता, दात एकमेकांवर वाजतात. तो ठोका लांब औसा गावातल्या लोकांनी ऐकला असणार, आणि कुणाच्या तरी घराचं दार बसवून राहिलेत असं समजून कूस बदलली असणार. मजा म्हणजे ठोक्याचा आवाज बदलत जातो. आधी ढब ढब, मग खणखणीत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बसला." आवाजावरून कळतं त्यांना! मी पडद्याअलीकडून विचारलंच, "कशावरून?" तर आतून उत्तर आलं, "मॅडमना आणखी थोडं औषध द्या."

त्याच्याआधी मी माझा गोळा मात्र बघून घेतला. मागितला आणि दाखवला. एका ताटलीत होता. पिवळट, एका बाजूनं चेपलेला, डब्यात तळाशी राहिलेल्या बुंदीच्या लाडवासारखा. याच्यावर मी इतकी वर्षं पळाले? एवढ्याशावर? नमस्कार करावासा वाटला, पण हाताला सलाईन होतं.

पाठीवर हात

व्यायाम करून घेणारी लावण्या देगलूरकडची. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत शिरायची. "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळू, सावकाश. हा शब्द मी तिच्याकडून इतका ऐकला की घरी आल्यावर कुकरला सुद्धा मेल्लगा म्हणायला लागले.

तिनं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. पाय मधल्या रेषेपलीकडं न्यायचा नाही. पाऊल रोवून अंग फिरवायचं नाही. गुडघा कमरेच्या वर येऊ द्यायचा नाही. मी म्हटलं, "पोरी, पहिले दोन मी माझ्या मुलींना रोज ओरडून सांगते. पाठलाग करताना पाटी ओलांडायची नाही, आणि एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही."

"मग तुम्हाला सोपं जाईल मॅडम."

हेच चुकलं. आम्ही दोघीही एक गोष्ट विसरलो होतो.

वॉकर धरून उभं राहण्याचा दिवस. मी पलंगाच्या कडेला बसले होते. शाहीन डबा उघडत होती, आमचे हे दारात. लावण्या समोरून सांगत होती, हात कुठं, पाय कुठं. मग माझी पाठ सरळ आहे का बघायला ती मागून आली आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहात टेकवला.

ती "खो" म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती. मी उठले! उठले म्हणजे काय, उडाले. वॉकर एकीकडं, मी एकीकडं, डाव्या पायावर अंग फिरवून दिशा घ्यायला निघाले. लावण्यानं "अय्यो!" म्हणून मला कमरेला मिठी मारली नसती, तर मी थेट गंजगोलाईला जाऊन गडी बाद करून आले असते.

तिनं मला परत पलंगावर टेकवलं. शाहीनला आधी हसू फुटलं. "बाई, हिला मागनं हात लावू नगंस! ही आमची, खो घेऊन उठती, डोळं मिटून उठती!"

ह्यांना हसू आलं नाही. "पुन्हा कापायचंय का तुला? हौस हाय का?"

"मी मुद्दाम केलं का?"

"मग कुणी केलं?"

ते बाहेर जाऊन बाकावर बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी छताकडं बघत तोच प्रश्न घोळवत होते. कुणी केलं? मी तर ठरवलं नव्हतं. ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतं, खुब्यालाही माहीत होतं. पाठीला कुणी सांगितलंच नव्हतं.

लावण्यानं त्या दिवसापासून भिंतीवर कागद चिकटवला: पेशंटच्या पाठीला हात लावू नये. साफसफाईच्या मावशी मला लांबून वळसा घालून जायला लागल्या. त्यांना वाटलं, काही संसर्गाचं आहे. शाहीन मात्र रोज दुकान उघडण्याआधी यायची, समोर बसून माझी वेणी घालायची. समोरून वेणी घालणं किती अवघड असतं ते करून बघा. डोळ्यांसमोर तिच्या बांगड्या वाजायच्या आणि मी आजारी आहे हे तेवढ्यापुरतं विसरायचे.

उंच झालेलं घर

घरी आले तर सगळं घर वर उचललेलं. पलंगाखाली विटा, सोफ्यावर गादी, संडासात उंच बैठक. आपलं जगणं किती जमिनीवर आहे हे खाली बसायची बंदी झाल्यावर कळतं. भाजी निवडायची खाली, पूजा खाली, पडलेला चमचा खाली. चमच्यासाठी ह्यांनी मला लांब चिमटा आणून दिला. मी त्यानं चमचे उचलले, मोजे उचलले, एकदा तर शेजाऱ्यांची मांजर उचलली. मांजर ऐनवेळी निघून गेली हा भाग आमचे हे जोडतात.

भांडणं मात्र खरी झाली. मी खुर्चीतून जरा पुढं वाकले की दुसऱ्या खोलीतून आवाज यायचा, "वाकू नगंस!" एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही नवरा आहात की पहारेकरी?" ते म्हणाले, "आधी नवराच होतो." दोन दिवस आम्ही चहापुरतंच बोललो.

घरात माणसं आजारी पडतात तेव्हा आजार एकाला होतो आणि दचकणं सगळ्यांना होतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. तेव्हा फक्त राग सुचायचा.

काठी सुटली. जिना जमायला लागला. जांघेतलं दुखणं असं गेलं, की ते होतं कुठं हे बोटानं शोधलं तरी सापडेना. शाळेत परत गेले. पोरींना शिकवताना ओरडायचं तर पाटीच्या कडेला उभं राहूनच, आणि उभं राहिलं की ज्यात मला आता कधी बसता येणार नाही तो चौकोन दिसायचा.

नववी

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या आधी जुन्या खेळाडू आणि शाळेच्या मुली असा सामना होतो. जुन्यांमध्ये मी, माझ्या आधीच्या विद्यार्थिनी, आणि पाहुणी म्हणून लातूरहून शाहीन. एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

मी बसून (खुर्चीत) विचार केला. पाटीवर आठ जणी बसतात. नववी तर उभीच असते! तिनं खांबाला वळसा घालत नुसतं चालत राहिलं तर कुठला नियम मोडतो? खो दिलाच नाही तर बसायची वेळच येत नाही. खोखोच्या इतिहासात खो न देणारी नववी झाली नसेल, तर मी पहिली.

लावण्याला फोन केला. ती म्हणाली, "चालण्याला माझं कधी न्हाई म्हणणं नव्हतं. पळायचं न्हाई. बसायचं न्हाई. मॅडम, बसायचं न्हाई."

ह्यांना सांगितलं, "मी खो देणार नाही. शब्द देते." ते हळदीच्या पोत्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." एवढंच. वाद नाही, ओरडा नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

सामना सुरू झाला. मी चालत होते. पळणाऱ्या मुली आधी बिचकल्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली. प्रांजली तर माझ्यापुढं हातभर अंतर ठेवून फिरायला निघाल्यासारखी चालायची, वर वळून म्हणायची, "मॅडम, चहा घेऊ का थांबून?" पाटीवर बसलेल्या आमच्या बायका ओरडत होत्या, "अगं दे कुणाला तरी!" मी कान बंद केले. खांबाला वळसा, परत. मला खरंच मजा येत होती.

मग ते झालं. प्रांजली दोघींच्या मधून पाटी ओलांडून पलीकडं गेली आणि शाहीनच्या अगदी पुढ्यात, तिच्याकडं पाठ करून उभी राहिली. मैत्रिणींना हात करून हसत होती. इकडं मी, माझ्यासमोर शाहीनची पाठ. रुंद, घामानं भिजलेली, वाट बघणारी.

शाहीन मान न वळवता पुटपुटली, "दे ना गं."

"खो!"

कोण ओरडलं म्हणून बघितलं तर मीच. शाहीन सुटली, एका झेपेत प्रांजलीच्या पाठीवर हात. गडी बाद! मैदान ओरडलं. आणि माझ्यापुढं शाहीनचा रिकामा चौकोन, आणि मी त्यात पाय ठेवून खाली निघालेली. गुडघे दुमडत होते. मी म्हणत होते थांबा, ते थांबत नव्हते. त्यांना एकच गोष्ट माहीत होती. खुब्याच्या मागच्या बाजूला, अगदी आत, काहीतरी ताणलं जायला लागलं. दुखलं नाही. नुसतं कळलं, की कड जवळ आली आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला भीतीच्या आधी उत्सुकता वाटली. अजून किती?

"मंगल! फाऊल कर!"

हा आवाज मी ओळखला नाही. ह्यांना इतक्या वर्षांत बाहेर कुणी ओरडताना ऐकलेलं नाही. रेषेच्या पलीकडं ते दोन्ही हात वर करून उभे होते. "उभी ऱ्हा! फाऊल कर! फाऊल!"

गुडघे थांबले. मी मांडीवर हात दाबून सरळ झाले. चौकोनात ताठ उभी राहिले.

शिट्टी वाजली. पंच माझीच जुनी विद्यार्थिनी, वैशाली. ती माझ्याकडं बघेना. खाली बघूनच म्हणाली, "खो देऊन बसल्या नाहीत. फाऊल. गडी नाबाद."

"बरोबर दिलास," मी म्हटलं.

प्रांजली उड्या मारत परत आली. शाहीननं मला उदगीरच्या सगळ्या शिव्या दिल्या आणि मग गळ्यात पडली, समोरून. मी चालत रेषेबाहेर आले. माझ्या जागी दुसरी आत गेली. ह्यांनी वर केलेले हात खाली घेऊन खिशात घातले.

"तुम्हाला हो काय कळतं फाऊलमधलं?" मी विचारलं. "खोखो आणि लंगडीतला फरक येत नाही तुम्हाला."

"अजूनबी येत न्हाई," ते म्हणाले. "तू खो देणार एवढं म्हाईत होतं. मग त्यावेळी काय ओरडायचं, तेवढं शाहीनला विचारून ठेवलं होतं."